अकिलायचा पायबंद

मेंढी बांधून ठेवलीय, असं सासूचा आवाज कानात म्हणाला आणि नुरझातच्या हातातलं कापड कापायचं यंत्र खडूची रेघ सोडून आत शिरलं. थप्पी दोन वर्षांच्या मुलांच्या पँटींची होती. एकावर एक रचलेल्या निळ्या कापडाच्या कितीतरी डाव्या तंगड्या एका दमात वाया गेल्या. यंत्राची घरघर थांबली. कानातला आवाज मात्र थांबला नव्हता. फोनवर निरोप बोलून पाठवायची सवय सासूला नातवंडांनी लावली होती, आणि आता ती त्या निरोपांत गावच्या बातम्या, मध्येच कोंबड्यांना हुसकावणं, कुणाला तरी दार ओढून घ्यायला सांगणं, सगळं घालून पाठवायची. रविवारी अकिलायचा तुशो कापायचा. थोरली नणंद येतेय, चुलत सासरे येताहेत, धावणाऱ्या पोरांसाठी बक्षिसंसुद्धा आणून ठेवलीत. तुम्ही शनिवारीच निघा. पोरगी चालायला लागली आणि तुम्ही दोघं हातावर हात ठेवून बसलात, अशानं जन्मभर अडखळत राहील ती, एवढंही कळत नाही का शहरात राहून? मग पुन्हा कोंबड्या, आणि मग एकदम मऊ होऊन, तो व्हिडिओ मी रोज बघते गं, माझ्या सोनीचं चालणं.

मालकीणबाई आल्या, थप्पी उचलून उजेडात धरली आणि काही न बोलता परत ठेवली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. नुरझात या शिवणखान्यात कापणीवर होती, आणि तिचा हात कधी चुकत नाही म्हणून बाकीच्या बायका तिला जरा बिचकून असायच्या. भिंतीवर मापांचा तक्ता होता, कोणत्या वयाला किती उंची, किती कंबर, पायाची आतली लांबी किती. सगळ्या मुलांनी त्या तक्त्यात बसायचं असतं. नाही बसली तर आया म्हणतात, जरा एक माप मोठं द्या, अंगानं थोराड आहे हो. तिची अकिलायही तक्त्यात बसत होती, हेच तर दुखणं. दोन वर्षांची उंची, दोन वर्षांचे पाय. गुटगुटीत, पांढरे, मांडीला वळ्या पडलेले पाय, नुसते असलेले. नुरझात त्यांना तेल लावायची, चोळायची, कानात सांगावं तसं त्यांच्याशी बोलायची, आणि मग एखाद्या दिवशी त्यांचा असा राग यायचा की ती पोरीला गादीवर ठेवून न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची.

तुशो म्हणजे खरा तर घोड्याच्या पायात घालतात तो पायबंद. मूल जन्माला येतं तेच पायात असला न दिसणारा पायबंद घेऊन, असं मानतात. पहिली पावलं टाकली की त्याच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पीळ बांधायचा, गावातली पोरं लांबून धावत येतात, जो पहिला येईल त्यानं सुरीनं तो कापायचा आणि मुलाचे हात धरून त्याला चालवायचं. मग ते मूल सुटलं. नुरझातचा तुशो तिच्या आईनं सांगितल्याप्रमाणे तिच्या पहिल्या वाढदिवसाच्याही आधी कापला होता, आणि ही गोष्ट आई इतक्यांदा सांगायची की लहानपणी नुरझातला वाटे आपण काहीतरी मोठा पराक्रम केला असावा. असीपा एजेच्या, म्हणजे त्या थोरल्या नणंदेच्या मुलाचा तुशो हिवाळ्यात झाला. तो एर्बोल अकिलायपेक्षा लहान. घरच्यांच्या गटावर त्याचे व्हिडिओ आले, पडतोय, उठतोय, मांजरामागे धावतोय. खाली सगळ्यांनी फुलं टाकली. कुणीतरी विचारलं, आमची शहरातली राजकन्या कधी दाखवणार? नुसतं प्रेमानं विचारलं होतं. पण नुरझातनं तो प्रश्न दिवसभर पुन्हा पुन्हा वाचला, आणि संध्याकाळी नवरा, कुबात, कामावरून यायच्या आधी तिनं फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, अकिलायला नवा झगा घातला, आणि मागून त्या झग्याची पाठ मुठीत धरून तिला सोफ्यापासून टेबलापर्यंत नेलं. फोनमध्ये झग्याच्या मागची बाजू येत नव्हती. आईची मूठ येत नव्हती. नुसती एक मुलगी येत होती, जराशी डुलत, हसत, चालत.

ती हसत होती हे खरं. तिला ती गंमत वाटली होती. नुरझातनं तो तुकडा पाठवला, आणि फुलं आली, अश्रू आले, सासूचा रडवेला आवाज आला, आणि थोडा वेळ, अगदी खरं सांगायचं तर चहा होईपर्यंतचा वेळ, नुरझातला वाटलं की हे झालं, हे घडलं. कुबातनं बसमध्येच बघितलं होतं. तो जिना धावत चढला असणार, कारण दारात उभा राहिला तेव्हा त्याला धाप लागली होती. बूट न काढता तो उंबऱ्यातच गुडघ्यांवर बसला, हात पसरले आणि म्हणाला, ये, बाबाकडे ये. अकिलायनं सोफ्याची कड सोडली आणि ती बसली, धपकन, नेहमी बसते तशी, आणि रांगत त्याच्याकडे निघाली, डावा पाय पोटाखाली मुडपून, उजवा हात पुढे टाकत, नेहमीसारखी. कुबातचे हात तसेच पसरलेले राहिले. त्यानं नुरझातकडे बघितलं नाही. "धरलं होतंस?" त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. मग तो म्हणाला, अपाला, आईला, इतक्यात काही बोलू नको, आणि बूट काढायला लागला. त्यानंतर त्या विषयावर दोघंही मूग गिळून बसले. नवराबायकोत कशाकशाचे करार होतात, आणि त्यातले किती तोंडानं होतात?

चालणं येणारच नाही असं डॉक्टर म्हणाले नव्हते. येईल असंही म्हणाले नव्हते. स्नायूंत जोर कमी, कारण नीट सापडत नाही, बोलणंही उशिरा येईल असं दिसतं, तिसऱ्या वर्षी चालेल, चौथ्या वर्षी, कदाचित आधाराला धरून, कदाचित. त्या कदाचितला लोंबकळत नुरझातनं सारा हिवाळा काढला. आठवड्यातून दोनदा ती पोरीला व्यायामाच्या केंद्रात न्यायची. तिथल्या गालिना पेत्रोव्ना जाड चष्म्याच्या होत्या आणि मुलांशी रशियनमध्ये आणि किरगिझमध्ये एकाच वाक्यात बोलायच्या. परवाच त्यांनी विचारलं, या आठवड्यात काय काय केलं आपल्या मुलीनं? नुरझातनं सुरुवात केली, उभं राहत नाही, धरून उभी केली तर गुडघे वाकतात, कप तोंडाला नेत नाही, शब्द नाही. गालिनाबाईंनी हात वर केला. "काय करत नाही ते मला दिसतंय. करते काय ते सांगा." आणि नुरझातला सांगता येईना. मोठ्या रबरी चेंडूवर आडवी पडून डुलणाऱ्या आपल्या मुलीकडे ती बघत राहिली, शाळेत फळ्यासमोर उभं करावं तशी, आणि तिला एकही गोष्ट सांगता येईना. घरी येताना ती गालिनाबाईंवर रागावली होती. त्यांचं काय जातं, त्यांना कुठे घरी न्यायचीय.

निरोप आला त्या संध्याकाळी कुबात म्हणाला, ताप आलाय म्हणून सांगू. ती म्हणाली, मग अपा इथं येतील, मेंढी घेऊन बसमध्ये बसतील. त्याला हसू आलं, कारण त्याची आई खरंच तसं करू शकली असती. मग हसू मावळलं. तो जेवताना पुन्हा म्हणाला, तू तिला धरून उभी कर ना, लहान मुलांना धरतातच की त्या वेळेला. पीळ बांधलेला असतो, पोरं धावत येतात, गडबड असते, दोन पावलं तू उचलून टाक, कोण बघतंय. हे तो इतक्या सहज म्हणाला की नुरझातला वाटलं त्यानं दिवसभर याचाच विचार केला असावा. तिनंही तोच केला होता. मूठ मागे, झगा पुढे, गावासमोर. आणि नंतर? पुढच्या महिन्यात, पुढच्या ईदला, असीपा एजे शहरात येईल तेव्हा? सुटलेली मुलगी रांगतेय हे कुणाकुणाला कसं सांगायचं? तिनं ताट तसंच सरकवलं. कुबातनं पोरीला मांडीवर घेतलं आणि तिला भात भरवायला लागला, एक शीत सांडू न देता, आणि तेही नुरझातला सहन झालं नाही.

शनिवारी ते निघाले. घाटात वारा होता, नदी गढूळ होऊन फुगलेली. अकिलाय मागच्या आसनावर पट्ट्यांत बांधलेली बसली होती आणि खिडकीला हात लावून होती. बोगदा आला की ती गप्प व्हायची, उजेड आला की एक आवाज काढायची, हुंकारासारखा, वरच्या पट्टीत जाणारा. बोगदा, उजेड, आवाज. नुरझातनं पहिल्यांदा दुर्लक्ष केलं, मग मान वळवली. हे ती नेहमी करते का? कधीपासून करते? काळोख संपणार हे पोरीला आधी कळतं की काय, कारण शेवटच्या बोगद्यात ती उजेड यायच्या जराशी आधीच हसायला लागली होती. हे सांगता आलं असतं गालिनाबाईंना. या विचाराबरोबर नुरझातला इतकं वाईट वाटलं की तिनं तोंड पुन्हा समोर केलं. कुबातनं विचारलं, काय झालं? काही नाही, ती म्हणाली, हळू चालव. धरणाजवळ गाडी थांबवून त्यांनी चहा घेतला. टपरीवरची बाई पोरीचे गाल ओढत म्हणाली, खाली सोडा की, पाय मोकळे करू दे. नुरझात म्हणाली, थंडी आहे. थंडी नव्हती.

गावात पोचले तेव्हा अंगणात चूल पेटलेली होती आणि एर्बोल काठी घेऊन बदकांच्या मागे पळत होता. सासू हात पुसत पुढे आली, तिनं आधी पोरीचा वास घेतला, डोक्यावर, मानेत, मग म्हणाली, उतरव खाली, बघू दे मला. सगळ्यांचे डोळे अकिलायच्या पायांवर गेले. नुरझातचेही. तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, प्रवासानं दमलीय अपा, झोपेला आलीय, आणि तिनं पोरीला पदराखाली घ्यावं तशी कोटात घेतली आणि आतल्या खोलीत नेली. अकिलाय टक्क जागी होती. गाद्यांच्या उंच थप्पीशेजारी बसून ती बाहेरचे आवाज ऐकत होती आणि प्रत्येक आवाजाला दाराकडे मान वळवत होती, तिला बाहेर जायचं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. नुरझातनं दार लावून घेतलं. असीपा एजे दारापलीकडून म्हणाली, काय गं, शहरातली पोरं दिवसाढवळ्या झोपतात होय, आणि बायका हसल्या. त्या रात्री नुरझात पोरीच्या पावलांवर हात ठेवून पडून राहिली. पावलं गरम होती, झोपेत बोटं हलत होती. काही मागितलं नाही तिनं, देवाकडे नाही, कुणाकडे नाही. मागून मागून तिला वीट आला होता.

सकाळी स्वयंपाकघरात सासू कढईत बोर्सोक तळत होती. नुरझात लाटलेल्या पिठाचे चौकोन कापून देत होती आणि तिचा हात रेघेवर होता. बाहेर पुरुष मटण साफ करत होते, पोरं शर्यतीची जागा ठरवण्यावरून भांडत होती. बोलायचं ठरवून ती आली नव्हती. कणकेचे तुकडे तेलात पडत होते, फुगत होते, सासू गुणगुणत होती, आणि नुरझातला वाटलं की आता बोललं नाही तर आपण आयुष्यभर अशाच हात मागे धरून उभ्या राहणार.

"अपा, ती चालत नाही."

"लाजत असेल. नवी माणसं बघून बुजतात पोरं."

"लाजत नाही. तिला येतच नाही. त्या व्हिडिओत मी मागून धरलं होतं."

सासूचा झारा थांबला नाही. तेलात पडलेले बोर्सोक लाल झाले, मग तपकिरी, मग काळपट, आणि तरीही ती ते उलटत राहिली. शेवटी काढून बाजूला ठेवले, कढई उतरवली आणि दार लावून आली. कुबातला ठाऊक आहे का, तिनं विचारलं. हो. दोघांनी मिळून म्हातारीला वेड्यात काढलंत, ती म्हणाली, पण तिच्या आवाजात राग शोधूनही नुरझातला सापडेना, आणि त्यानं ती जास्त घाबरली. सासू लाकडी पाटावर बसली. पाठ भिंतीला टेकवली. तिच्या हातांना पीठ लागलं होतं ते ती बोटाबोटानं सोलत होती.

"कुबातच्या आधी एक होता माझा."

नुरझातला हे माहीत नव्हतं. त्याचं कुणी नावच काढत नाही, तुला कुठून कळणार, सासू म्हणाली. मान धरायचा नाही तो. आम्ही उन्हाळ्यात वर कुरणात असायचो, तंबूत. घोड्यावरून कुणी आलं, पाहुणे आले, की मी त्याला गाद्यांच्या थप्पीमागे निजवायची. पोर कुठाय विचारलं की म्हणायची, झोपलाय. तो आपला जागा असायचा. आवाज करायचा आतून, आणि मी मोठ्यानं बोलायची, भांडी वाजवायची. तीन उन्हाळे केलं मी तसं. मग हिवाळ्यात छाती भरून आली आणि गेला. त्याचा तुशो कापला नाही कुणी. बांधल्या पायांनीच गेला माझा. हे सगळं ती काल बाजारात काय भाव होता ते सांगावं तशा सुरात बोलली, आणि नुरझात तिच्याकडे बघू शकली नाही. काल अंगणात आपणही तेच म्हणालो. झोपेला आलीय. गाद्यांची थप्पीसुद्धा तीच, याच घरातली.

"हिचा तसा राहू द्यायचा नाही मला," सासू म्हणाली. "बगलेत हात घालून उभी धर. मी बांधते, पोरं कापतील. तू उचलत उचलत ने चार पावलं. कुणाला काही कळायला नको."

"नंतर कळेलच की, अपा."

"नंतरचं नंतर. आज कापला म्हणजे कापला."

बरं, अपा, नुरझात म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? सून सासूशी, तेही अशा वेळी, वाद घालत नाही, आणि वाद घालायला तिच्याजवळ होतं तरी काय? सासूनं कढई पुन्हा चढवली. काळे पडलेले बोर्सोक तिनं कुत्र्यासाठी वेगळे काढले आणि दार उघडलं, आणि जणू मध्ये काही झालंच नव्हतं अशी मोठ्यानं कुणाला तरी मीठ आणायला सांगायला लागली.

दुपारी सगळे अंगणापुढच्या मोकळ्या जागेत जमले. वाऱ्यानं बायकांचे रुमाल उडत होते. लोकरीचा जाड पांढरा नमदा अंथरला होता, चुलतसासरे, ज्यांचं नाव सुनांनी तोंडातून काढायचं नसतं, उंच पांढरी टोपी घालून खुर्चीवर बसले होते, आणि पोरांना लांब चिनारांच्या रांगेपाशी पाठवलं होतं. हाताहातांतले फोन वर झाले. सासूनं स्वतः वळलेला पीळ काढला, एक पदर काळा, एक पांढरा, आणि गुडघ्यांचं दुखणं विसरून खाली बसून तो पोरीच्या घोट्यांभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा गुंडाळला. नुरझात मागे उभी राहून पोरीला बगलांत हात घालून धरून होती. वजन हळूहळू खांद्यांत उतरत होतं. गुडघे वाकू नयेत म्हणून तिनं तिला किंचित वर उचललेलं होतं, इतकं किंचित की समोरून उभीच दिसावी. कुबात गर्दीच्या कडेला उभा होता आणि जमिनीकडे बघत होता. नुरझातला पोरीचा फक्त माथा दिसत होता, भोवरा, त्याच्या दोन्ही बाजूंना बांधलेल्या इवल्या वेण्या. समोर सगळे पोरीच्या तोंडाकडे बघून हसत होते. असीपा एजे हसत होती, चुलतसासऱ्यांच्या मिशा हलत होत्या, एक अनोळखी म्हातारी तोंडावर हात धरून हसत होती. काय करतेय ही एवढं, नुरझातला वाटलं. सगळ्यांना दिसतंय, मला दिसत नाहीये. मी सदानकदा मागे. जेव्हा जेव्हा ही लोकांसमोर आली तेव्हा तेव्हा मी हिच्या पाठीमागे उभी होते आणि हिच्या पायांकडे बघत होते. तिला एकदम, तहान लागावी तशी, पुढे जाऊन ते तोंड बघावंसं वाटलं, आणि तेवढ्यात पोरं सुटली.

धूळ उठली. ओरडा जवळ येत गेला. शेजारची मीरिम नावाची मुलगी सगळ्यांच्या पुढे होती, तिचा एक बूट वाटेत गळला होता आणि ती तशीच धावत होती. येऊन ती नमद्यावर आदळलीच, सासूनं तिच्या हातात सुरी दिली, आणि धापा टाकत, जीभ दातांत धरून तिनं पीळ कापला आणि सुरी परत दिली. टाळ्या झाल्या. कुणीतरी मूठभर गोळ्या उधळल्या, पोरं त्यावर पडली. "चल," मीरिमनं अकिलायचे दोन्ही हात धरले, "चल ना." आता नुरझातनं उचलायचं होतं. डावा पाय, उजवा पाय. सासू तिच्याकडे बघत होती, ते बघणं विनवणीचं होतं, आयुष्यात या बाईनं कुणापुढे असं बघितलं नसेल. नुरझातच्या खांद्यांत कळ आली. ती वाकली. आणि हळूच, जड भांडं उतरवावं तसं, तिनं पोरीला नमद्यावर बसवलं आणि हात काढून घेतले.

ती उठून पुढे आली आणि अकिलायच्या समोर बसली. पोरीचं तोंड गोळीच्या रसानं माखलं होतं, कुणी कधी दिली कोण जाणे. वारा येईल तसे ती डोळे मिटत होती आणि वारा थांबला की उघडत होती, आणि उघडले की हसत होती. यालाच हसत होते सगळे. टाळ्या आधी पुढच्या लोकांच्या थांबल्या, मग मागच्यांच्या. मीरिम अजून हात धरून वाकलेली होती आणि एकेका मोठ्या माणसाकडे बघत होती, आपलं काही चुकलं की काय म्हणून.

"पोरगी चालत नाही का?" चुलतसासऱ्यांनी विचारलं. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना गेला.

"नाही," नुरझात म्हणाली. त्यांच्याशी ती आजवर मान खाली घालूनच बोलली होती. "अजून नाही. कदाचित उशिरा चालेल. कदाचित नाहीच."

ते शेवटचे दोन शब्द तिनं यापूर्वी कधी उच्चारले नव्हते, कुबातपाशी नाही, एकटीनं नाही. काहीतरी कोसळेल असं तिला इतके महिने वाटत आलं होतं. कोसळलं काही नाही. हलकंही वाटलं नाही. खांदे दुखताहेत आणि भूक लागलीय, एवढंच तिला कळलं. दुःख होतंच, तसंच होतं, पण त्याच्याशी झोंबायचं कुठेतरी थांबलं होतं, आणि ते शेजारी बसलं होतं, घरातल्या माणसासारखं. असीपा एजेनं फोन खाली केला. गर्दीतून वाट काढत कुबात आला आणि नमद्याच्या कडेशी, नुरझातच्या मागे, उभा राहिला. सासू सुरी हातात घेऊन तशीच होती, तिचं तोंड राखेसारखं झालं होतं, आणि नुरझातला वाटलं ही आता घरात निघून जाईल आणि पुन्हा आपल्याशी बोलणार नाही. तसं झालं तर होवो.

"मग आता मी हिला कुठं नेऊ?" मीरिमनं विचारलं. तिला बक्षीस हवं होतं, आणि चालवल्याशिवाय ते मिळणार नव्हतं.

"ती कुठं जाते बघ," नुरझात म्हणाली, "आणि तिच्याबरोबर जा."

मीरिमनं हात सोडले. अकिलायनं कापलेल्या पिळाचे तुकडे घोट्यांवरून झटकले, ते तिला टोचत असावेत, आणि ती पालथी झाली. डावा पाय पोटाखाली, उजवा हात पुढे. नमदा संपला तिथं ती क्षणभर थांबली, मातीत हात ठेवून बघितला, आणि निघाली, बदकांच्या डबक्याकडे, पांढरे मोजे मातीत घाशीत. असीपा एजे पुढे झाली, अगं कपडे, खडे लागतील पोरीला, आणि दोघी-चौघी बायका वाटेतली लाकडं उचलायला, तिला उचलायला, कुठल्यातरी मदतीला धावल्या. तेव्हा सासू बोलली.

"मागे व्हा सगळे."

बायका थांबल्या. सासूनं सुरी झग्याला पुसली, कमरेला खोवली आणि गुडघ्यांवर हात टेकत ती नमद्यावरून खाली उतरली. "हिचा तुशो कापलाय," ती म्हणाली. "हिच्यापुढे कुणी जायचं नाही."

चुलतसासरे खुर्चीतून उठले. असीपा एजेनं एर्बोलला कडेवर घेतलं. पुढे अकिलाय, तिच्या शेजारी एका पायात बूट घातलेली मीरिम, मागे सासू, आणि मग सगळं गणगोत, एक पाऊल टाकून थांबत, पुन्हा एक टाकत, डबक्याकडे निघालं.